टाळी वाजवू का, आजोबा?

व्हिएन्नाच्या स्टाट्सओपर या ऑपेरागृहात उभ्याने ऐकणाऱ्यांची जागा धरायची रीत थेट आपल्या एसटीसारखी. कठड्याला रुमाल बांधला, की जागा तुमची. मी मफलर बांधून पाणी प्यायला गेलो. परत येतो तर मफलर पार टोकाला सरकवलेला आणि माझ्या जागी करड्या कोटातले एक आजोबा.

"ही माझी जागा आहे," मी मोडक्या जर्मनमध्ये म्हणालो.

"कारायानच्या काळापासून मी इथेच उभा राहतो," ते म्हणाले. कारायान म्हणजे इथला एकेकाळचा बडा वाद्यवृंद-संचालक. विषय संपला.

मोझार्टचा 'मॅजिक फ्लूट' हा ऑपेरा होता. त्यातल्या 'रात्रीच्या राणी'ने पहिल्या अंकात वरचा 'फ' हा सूर लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. तो पुरता उभा राहायच्या आत शेजारून "च्च" आलं. मग ग्रुबेरोवापुराण सुरू. एडिटा ग्रुबेरोवा या गायिकेने 1970 साली इथे हीच राणी गायली होती. तिचा वरचा सूर म्हणे टोचायचाच नाही. आधी बारीक लागायचा, मग फुलायचा, फुलून पुन्हा बारीक व्हायचा. हे त्यांनी मला चिमूट उघडून-मिटून दाखवलं, माझ्या नाकासमोर, तिकडे राणीची मुलगी पामिना गात असताना.

मध्यंतरात एक बाई येऊन मिळाल्या. गायिका कोण मोठी, कॅलास की तेबाल्दी? बाईंच्या मते आवाज म्हणजे तेबाल्दीचा, बाकी सगळा आरडाओरडा. आजोबा खवळले. कॅलासच्या आवाजाला चिरा होत्या, कबूल. पण त्या चिरांतूनच 'लुचिया' ऑपेराची नायिका वेडी होताना दिसायची! 1956 साली, इथेच, कारायानच्या हाताखाली!

बालगंधर्व की दीनानाथ यावर आमच्या घरी ताटं गार व्हायची, आणि भांडणाऱ्यांपैकी एकानेही दोघांना समोर बसून ऐकलेलं नसायचं. म्हणून मी विचारलं, "तुम्ही होतात?"

"मला गोवर झाला होता. आई ऐकायला गेली होती."

म्हणजे गेली कित्येक वर्षं हा माणूस आईच्या कानांनी ऐकतोय, आणि माझे कान किटवतोय! गेलेल्या गायिकांचं बरं असतं, त्यांना सर्दी होत नाही. आजच्या बिचारीने जिवंत असताना गायचा गुन्हा केला होता.

दुसऱ्या अंकात राणी सूडाचं गाणं गायली. ते चढे सूर एकामागून एक असे लखलखीत लागले की मी टाळीसाठी हात उचलले. आजोबांनी माझं मनगट धरलं.

"इतक्यात नको," ते म्हणाले.

सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं. तिकीट मी माझ्या पैशाने काढलं होतं हो!