नारळी पौर्णिमेला दर्या शांत होतो म्हणे!

श्रावण लागला की तोच मेसेज परत फिरायला लागतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: नारळी पौर्णिमेला दर्या शांत होतो, त्या दिवशी पहाटे मुंबईत बँडस्टँड नाहीतर मढच्या खडकावर जाऊन गळ टाका, दोन महिने मासेमारी बंद होती म्हणून मोठा मासा हमखास, बोंबीलपण लागतो, गणपतीत गुडघाभर पाण्यात उतरून टाकलं तर अजून बरं, आणि ऑक्टोबर हीट सुरू झाली की रॉड गुंडाळून ठेवा कारण पाणी तापून मासा खोल जातो. खाली सही 'जुन्या कोळ्यांचं शास्त्र'. कुठला कोळी असं बोलला देव जाणे.

पहिलं म्हणजे दर्या शांत. अहो, ती पौर्णिमा 2023 ला 30 ऑगस्टला होती आणि 2025 ला ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातच आली, मग वाऱ्याने काय कॅलेंडर बघून थांबायचं? मुंबईतून पाऊस परतायची हवामान खात्याची सरासरी तारीखच 8 ऑक्टोबर आहे. कोळी त्या दिवशी नारळ देतात तो 'बाबा आता शांत हो' म्हणून, शांत झालास म्हणून पावती द्यायला नाही.

आणि खरी गोम पुढेच आहे. पौर्णिमा म्हणजे उधाण. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती साधारण दुपारी बाराच्या आसपास पूर्ण होते, म्हणजे ओहोटी पहाटे सहाच्या सुमारास, आणि ती पण अशी खोल की एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडतात, माणूस खुशीत चालत चालत टोकाला जातो, गळ टाकून बसतो आणि मागच्या घळीत पाणी कधी भरलं ते त्याला कळतच नाही. भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक असतो या दिवसांत. वर पावसाळी लाट. म्हणजे मेसेजवाल्याने वर्षातली नेमकी वाईट पहाट निवडून दिलीये. मला विचाराल तर अष्टमीच्या भांगानंतरचे (भांग म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तो काळ) दोन-तीन दिवस बघा, पाणी कमी ढवळलेलं असतं, थोडं निवळ असतं, ल्युअर (नकली आमिष) माशाला दिसतो तरी. गढूळ पाण्यात ल्युअर फेकून हात दुखवण्यात अर्थ नाही, तिथे कोळंबीचा तुकडा लावा, वासावर शिंगाळा येतो. (काढताना त्याचे काटे सांभाळा, लागले की दिवस गेला.)

बंदीचं गणित पण चुकीचं. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस, ती यांत्रिक बोटींना, बिगरयांत्रिक होड्यांना नाहीच. पौर्णिमेपर्यंत बऱ्याच बोटी बाहेर पडलेल्या असतात. आणि 61 दिवसांत बोटभर पिल्लाचा मोठा रावस होत नाही हो! खाडीच्या तोंडाशी या दिवसांत पिल्लंच जास्त दिसतात, लागली तर सोडून द्या.

बोंबील? तो डोल जाळ्यात येतो, ओढाच्या पाण्यात बांधून ठेवलेल्या. कोणाला गळावर लागला असेल तर फोटो पाठवा, फ्रेम करून लावतो.

गणपतीत पाण्यात उतरायचं तर अजिबात नको. 2013 ला विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर कितीतरी लोकांना पाकटाने (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) डंख मारला होता, जेलीफिशपण याच दिवसांत किनाऱ्याला लागतात. उतरावंच लागलं तर पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला म्हणजे पाकट आधीच सरकतो. डंख बसलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा, त्या विषाची ताकद उष्णतेने कमी होते, आणि मग सरळ हॉस्पिटल.

राहिला ऑक्टोबर. घाम आपल्याला येतो, माशाला नाही. पाऊस थांबला की खाड्यांतून येणारं गोडं गढूळ पाणी कमी होतं, खारटपणा परत वाढतो, पाणी निवळायला लागतं. पावसाळ्यानंतरचे हे महिने तर मासेमारीचा मोठा सीझन, बांगडा येतो, वर्सोवा-मढला वलांडींवर (बांबूच्या मांडवांवर) बोंबील सुकायला लागतात. म्हणजे ज्या महिन्यात निघायचं त्याच महिन्यात हा रॉड गुंडाळायला सांगतोय. मी तर रीलला तेलच तेव्हा घालतो.