‘व्हीपीएन कशाला, पोर्ट उघडा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

चवथ ११ किंवा २० तारखेच्या आसपास आली की म्हापशापासून काणकोणापर्यंत दुकानदारांची तारांबळ उडते. दुकान बंद, मंडळी गावच्या घरी, पण गणपती घरात आहे म्हणून जीएसटीची विवरणपत्रं थांबत नाहीत. मग ग्रुपांवर हा मेसेज फिरतो: ‘दुकानातली टॅली घरून उघडायला व्हीपीएन नको. राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट फॉरवर्ड करा, ३३८९ ऐवजी भलताच नंबर द्या, पासवर्ड कडक ठेवा. आपल्यासारख्या लहानांच्या मागे कोण लागतो? व्हीपीएन महाग, शिवाय सरकारने त्यावर बंदी घातलीय.’ व्हीपीएन म्हणजे बाहेरून दुकानाच्या नेटवर्कमध्ये यायचा कुलूपबंद रस्ता. रिमोट डेस्कटॉप ही दूरचा संगणक आपल्या पडद्यावर चालवायची विंडोजमधली सोय, ३३८९ हा तिच्या पोर्टचा, म्हणजे दाराचा, नेहमीचा नंबर; आणि पोर्ट फॉरवर्ड करणं म्हणजे ते दार इंटरनेटला थेट उघडणं.

आधी नंबर बदलण्याचं बघू, कारण सगळ्यांत जास्त भरवसा त्यावरच असतो. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन काढलं. एक साधा संगणक आणि गिगाबिट जोडणी एवढ्यावर ते इंटरनेटवरचे सगळे आयपीव्ही४ पत्ते (जोडण्यांना मिळणारे नंबर) एका पोर्टसाठी ४५ मिनिटांच्या आत तपासून येतं. पोर्ट मिळून ६५ हजारांच्या वर, म्हणजे सगळे चाळायला वेळ लागतो एवढंच. तो वेळ यंत्राचा जातो, माणसाचा नाही. आणि कुठल्याही नंबरावर ठेवा, दार ठोठावलं की रिमोट डेस्कटॉप आपल्या पद्धतीनेच उत्तर देतो, त्यामुळे ओळखू येतो. शोडानसारखी शोधयंत्रं अशी उत्तरं २००९ पासून गोळा करून ठेवतायत.

‘लहानांच्या मागे कोण लागतो’ याचं उत्तरही यातच आलं. चाळणाऱ्या यंत्राला पत्ता दिसतो, दुकानाची उलाढाल दिसत नाही.

पासवर्ड कडक हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण तो सगळ्याच खात्यांचा कडक असतो का? मालकाचा असतो, काउंटरवरच्या पोराला दिलेल्या खात्याचा बहुधा दुकानाचं नाव आणि १२३ असतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे काही दोष पासवर्ड विचारण्याच्या आधीच घात करतात. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप हा रिमोट डेस्कटॉपमधला दोष उघड झाला. त्यात लॉगिन न करताच संगणकाचा ताबा घेता येत होता. मायक्रोसॉफ्टने तेव्हा २०१४ मध्येच वाऱ्यावर सोडलेल्या विंडोज एक्सपीलासुद्धा दुरुस्ती दिली, यावरून काय ते समजा. आता विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. बिलिंगच्या कॉम्प्युटरवर कुठली विंडोज आहे, आज बघून घ्या.

बंदीची गोष्ट निव्वळ अफवा. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने निर्देश काढले; लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवाव्यात असं त्यात आहे. कंपनीने आपल्याच माणसांसाठी चालवलेलं व्हीपीएन त्यात येत नाही, असा खुलासाही झाला. त्याच निर्देशांत सायबर घटना सहा तासांत कळवण्याची अट आहे. ती मात्र मेसेजवाला सांगत नाही.

राहिला खर्च. वायरगार्ड हे व्हीपीएन फुकट आहे आणि मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. योग्य किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे चाळणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. अडचण एकच: बऱ्याच जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, तो अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. तिथे दुकानातलं वायरगार्ड बाहेरून सापडणार नाही. पण मेसेजमधलं पोर्ट फॉरवर्डिंगही तिथे चालत नाही! स्टॅटिक आयपीचे, म्हणजे स्वतःच्या कायम पत्त्याचे, जादा पैसे दोन्हीकडे सारखेच. तो खर्च टाळायचा तर टेलस्केलसारखी व्हीपीएन सेवा घ्या. तिथे दोन्ही टोकं आतून बाहेर जोडली जातात, त्यामुळे दुकान बाहेरून सापडावं लागत नाही. धंद्यासाठी तिला पैसे पडू शकतात, तेवढं मेसेजवाल्याचं खरं. राउटरमध्ये जुनं पीपीटीपी व्हीपीएन फुकट मिळतं म्हणून ते मात्र चालू करू नका. त्याची लॉगिनची पद्धत २०१२ मध्येच फोडून दाखवलीय.

व्हीपीएन लावल्यावर राउटरमधला जुना फॉरवर्ड तसाच राहून जातो, तो टेक्निशियनला आठवणीने काढायला सांगा. मग व्हीपीएन बंद करून, मोबाइलच्या डेटावरून जुन्याच पत्त्याला आणि नंबराला जोडून बघा. लॉगिनची खिडकी आली, तर त्याला पैसे देण्याआधी परत बोलवा.