आधीची चाळणी कुठे आहे?

रसायनं एकमेकांपासून वेगळी करण्याच्या शास्त्रात संशोधन करायचंय? तेही सरकारी निधीवर, आणि मुंबईत राहून? अभिनंदन. चार गोष्टी सांगते, पदरात बांधून घ्या. गेल्या मंगळवारपासून या विषयातला माझा अधिकार फारच वाढला आहे.

आधी शीर्षक. प्रस्तावाच्या शीर्षकात ‘सेपरेशन’ हा शब्द चुकूनही येऊ देऊ नका. तो दिसला की समितीच्या डोळ्यांसमोर गाळणकागद, नरसाळं आणि बारावीचं प्रॅक्टिकल उभं राहतं. नवा रेणू बनवला तर तो शोध. तो रेणू ज्या राड्यात बनला त्यातून स्वच्छ बाहेर काढला तर ती धुणीभांडी. तेव्हा काम आहे तेच ठेवा, पुढे ‘एआय-आधारित’ लावा, मध्ये ‘हरित’ घाला आणि शेवटी 2047 टाका. मी भाबडेपणाने ‘ऊर्ध्वपातनाला पर्याय’ असं सरळ लिहिलं होतं. एका ज्येष्ठांनी चष्मा वर करून विचारलं, “यात नवीन काय?” काही नाही सर. प्रोपिलीन आणि प्रोपेन यांच्या उत्कलनबिंदूंत जेमतेम पाच-सहा अंशांचं अंतर, म्हणून त्यांना वेगळं करायला जगभर शंभराहून जास्त ट्रेचे ऊर्ध्वपातनाचे मनोरे रात्रंदिवस तापत असतात. अमेरिकेच्या एकूण ऊर्जावापरातले 10 ते 15 टक्के असल्या वेगळं करण्यात खर्ची पडतात, असं 2016 साली ‘नेचर’मध्ये छापून आलं. आपल्याकडे माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या बाजूला गेलात तर तसले मनोरे रस्त्यावरूनही दिसतात. पण रोज दिसणाऱ्या गोष्टीला नवीन कोण म्हणणार?

नोबेलवर लक्ष ठेवा. 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना ‘मॉफ’साठी मिळालं. धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेले हे सच्छिद्र सांगाडे. त्याआधीच्या माझ्या प्रस्तावात मॉफ होते, तेव्हा परीक्षकांनी लिहिलं, ‘व्यवहार्य वाटत नाही.’ पुढच्या प्रस्तावात मी ते काढले. आता शेरा आलाय, ‘मॉफचा विचार का केला नाही?’

पैसे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात येतील. 31 तारखेच्या आत संपवा.

अंदाजपत्रकात जीएसटी 18 टक्के धरा. 5 टक्क्यांचे दिवस जुलै 2022 मध्येच गेले, त्यांच्या नावाने रडायचं तर घरी जाऊन रडा.

विद्यार्थ्याला महिना 37,000 रुपये फेलोशिप आहे, असं सांगायचं. कधी येते ते सांगायचं नाही.

आता खरेदी. इथे जरा बैजवार बसा.

आम्ही बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणारा एक पदार्थ बनवतो आहोत, म्हणजे उरलेला मिथेन कामाला येईल. आपला पदार्थ किती बरा हे दाखवायला बाजारातला नेहमीचा पदार्थ शेजारी ठेवावा लागतो. त्याचं नाव मॉलिक्युलर सीव्ह, 13एक्स. साबुदाण्यासारखे मळकट मणी, पाहुण्यांना दाखवावेत असंही त्यांत काही नाही. मी दहा किलो मागितले. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या ओळखीच्या दुकानात उभी राहिले असते तर चहा यायच्या आत पिशवी हातात पडली असती. पण आपण शिस्तीची माणसं. फॉर्म भरला, तीन सह्या घेतल्या, फाइल वर पाठवली. मंगळवारी ती खाली आली, शेऱ्यासकट. शेरा जसाच्या तसा देते, कारण असलं गद्य मला लिहिता येणार नाही:

‘सीव्ह म्हणजे चाळणी. सदर विभागाने 2023 मध्ये चाळण्यांचा संच खरेदी केल्याचे नोंदवहीवरून दिसते. आधीची चाळणी कुठे आहे? ती निर्लेखित केल्याशिवाय नवीन चाळणीची आवश्यकता का, याचा खुलासा सादर करावा.’

मी बाटलीत चार मणी घेऊन खाली गेले. म्हटलं, भाऊ, ही ती चाळणी नव्हे. हिची छिद्रं एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढी असतात. त्यांनी बाटली उजेडात धरली, हलवून पाहिली आणि प्रेमाने म्हणाले, “मॅडम, हे तर मणी आहेत. मग मणी लिहायचं ना!” मणी लिहिलं. सरकारी खरेदीच्या पोर्टलवर मणी शोधले तर दागिन्यांचा विभाग उघडला. पुन्हा सीव्ह लिहिलं, बोली मागवली. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी बोलीचा माल, आला: स्टेनलेस स्टील, आठ इंची, झाकणासकट. आता तो का नको हे तांत्रिक समितीने लेखी द्यायचं आहे. तांत्रिक समिती म्हणजे मी, आमचे विभागप्रमुख आणि एक बाहेरचे सदस्य, जे सध्या मुलाकडे कॅनडात आहेत. जून 2025 मध्ये केंद्राने संशोधनासाठी पोर्टलबाहेरून घ्यायची मुभा संस्थाप्रमुखांना दिली, थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली, हेही मी सांगून पाहिलं. “ते परिपत्रक आमच्याकडे आलेलं नाही.” मी छापून नेलं. “हे तुम्ही आणलंत. आमच्याकडे आलेलं नाही.”

दहा किलो मणी, लोकहो! पाच वर्षांत 50,000 कोटींच्या संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा 2023 मध्ये झाला, एक लाख कोटींच्या नव्या संशोधन निधीला 2025 मध्ये मंजुरी मिळाली, त्याच्या बातम्या वाचताना छाती कशी भरून येते. संशोधनावर आपण जीडीपीच्या 0.64 टक्के खर्च करतो, ते वाचताना मात्र पान उलटायचं. उद्घाटनाला येणारे पाहुणे दरवेळी नीरक्षीरविवेकाचा दाखला देतात. त्या हंसाची चोच कुठल्या हेडखाली घ्यायची, कन्झ्युमेबल की इक्विपमेंट, एवढं कुणी सांगेल का?

उपरोध पुरे. मला आता तो जमत नाही.

मे 2021 आठवतोय? रात्री दोनला ऑक्सिजनसाठी कुणाकुणाला फोन लावत होतो आपण? तेव्हा घाईघाईने उभारलेल्या प्लांटमध्ये हवेतून ऑक्सिजन वेगळा कोण काढत होतं? हेच मणी. हवेत 78 टक्के नायट्रोजन. हे मणी ज्याचे बनतात त्या झिओलाइटच्या पोकळ्यांतले धन आयन त्याला ओढून धरतात, ऑक्सिजन पुढे निसटतो, दाब उतरवला की नायट्रोजन सुटतो, आणि नळीतून सुमारे 93 टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन येतो. (म्हणजे ही चाळणी इथे चाळतही नाही, धरून ठेवते. हे मी खुलाशात लिहिणार नाही, नाहीतर नाव बदलायला नवी फाइल लागेल.) देशात पुरेसं झिओलाइट नव्हतं. एअर इंडियाची विमानं परदेशातून टनावारी घेऊन आली. तेव्हा कुणी विचारलं नाही, आधीची चाळणी कुठे आहे.

चार वर्षांनी, एप्रिल 2025 मध्ये, चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि गाड्या बनवणारे चुंबकांसाठी हवालदिल झाले. आपल्या किनाऱ्याच्या वाळूत मोनाझाइट, म्हणजे या धातूंचं खनिज, आहे, केरळात अलुवाला 1952 पासून कारखाना आहे. घोडं अडतं ते वेगळं करण्यावर. त्यांतले निओडिमियम आणि प्रासिओडिमियम इतके जुळ्यासारखे की द्रावकाने टप्प्याटप्प्याने, शेकडो टप्प्यांत, सोडवावे लागतात. हे काम वर्षानुवर्षं करत राहणाऱ्यालाच येतं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात येत नाही.

आणि निधी देणाऱ्या समितीतल्या ज्येष्ठांनो, तुम्ही तिथे बसता, चहा-बिस्किटं घेता आणि सात मिनिटांत माणसाच्या तीन वर्षांचा निकाल लावता. निदान प्रस्ताव वाचून या. खरेदीतल्या माणसावर माझा राग नाही, त्याला ऑडिटवाले खातात. राग आहे तो त्या परिपत्रकावर सही करून ते खालपर्यंत पोचलं का, हे न बघणाऱ्यांवर. आणि आम्ही प्राध्यापक? पुढचा प्रस्ताव अडकेल म्हणून तोंड मिटून बसतो. मीही बसलेच होते. माझा विद्यार्थी दीड महिना मण्यांविना रिकाम्या कॉलमसमोर (मणी भरायच्या नळीसमोर) बसून आहे, कल्याणहून रोज येतो, येऊन गळती तपासतो आणि जातो.

खुलासा सोमवारी तीन वाजेपर्यंत हवा आहे. आधीची चाळणी प्रयोगशाळेतल्या डावीकडच्या कपाटात, खालच्या खणात आहे. घेऊन येते. भोकं मोजून घ्या.