माळ्यावरच्या मॉल्टबद्दल, दुकानाकडून उत्तर

नमस्कार.

एक स्टार दिलात, त्याचं काही नाही. पण ‘तारखा पुढच्या वर्षीच्या छापता आणि शिळा माल खपवता’ हे वाक्य लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची तक्रार तीन वस्तूंची आहे. दळलेल्या मॉल्टला (म्हणजे मोड आणून भट्टीत सुकवलेल्या धान्याला) कुबट वास आणि आत सोंडे, हॉप्सना (बिअरला कडवटपणा देणाऱ्या सुक्या फुलांना) जुनाट चीजचा वास, आणि यीस्ट उठलंच नाही. माल एप्रिलमध्ये नेलात, वापरायला काढलात जुलैच्या शेवटी. मधले तीन महिने सगळं ‘स्वयंपाकघरातल्या माळ्यावर नीट झाकून’ होतं, हे तुम्हीच लिहिलंय.

माळ्यावर! पुण्यात, एप्रिल-मेमध्ये, वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला असताना तिथे एकदा हात घालून बघा. त्यानंतर लगेच पावसाळा, ज्यात बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं.

आधी आमची चूक. 5 किलो मॉल्ट तुम्ही दळून मागितलात आणि आमच्या पोराने ‘कधी वापरणार?’ एवढंही न विचारता दळून दिला. पाकिटावरची तारीख अख्ख्या दाण्याची होती. भट्टीतून निघालेल्या मॉल्टमध्ये ओलावा जेमतेम 4-5 टक्के असतो, वर टरफल शाबूत. घट्ट डब्यात, कोरड्या गार जागी तो वर्षभर सहज टिकतो. दळला की मात्र पापडासारखा हवेतली ओल ओढतो, आणि मग हिशेब आठवड्यांचा. गहू वर्षाचे भरतात, पीठ कोणी वर्षाचं दळून आणत नाही, तसंच हे. पाकिटावर दळल्याची तारीख हवी होती, ती नव्हती. तेव्हा 5 किलो मॉल्ट बदलून देतो. अख्खा न्या, वापरायच्या आदल्या दिवशी आणलात तर फुकट दळून देऊ. आणि सोंड्यांसाठी त्यात कडुलिंबाचा पाला घालू नका. तांदळाला चालतो, मॉल्ट वास धरतो.

हॉप्सबाबत मात्र मी मागे हटणार नाही. ते तुम्हाला आमच्या फ्रीझरमधून, हवा काढलेल्या फॉइलच्या पाकिटात दिले होते. तुम्ही टाकलेल्या फोटोत तेच पाकीट अर्धं रिकामं आणि तोंडाला रबरबँड लावलेलं दिसतंय. हॉप्सचा कडवटपणा ज्या अल्फा आम्लांमुळे येतो, ती हवेतल्या ऑक्सिजनने मोडत जातात. तुम्हाला आलेला चीजचा वास आयसोव्हॅलेरिक आम्लाचा. हॉप्स जुने झाले की तो येतोच. ढोबळ नियम असा, की तापमान 15 अंशांनी वाढलं की खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. फ्रीझर उणे 18, तुमचा माळा 40. दुपटीवर दुपटी करत गेलात की पंधरा पटींच्या आसपास पोचाल, आणि त्यात आत शिरलेली हवा धरलेली नाही.

यीस्टचं बोलायचं तर, कोरड्या यीस्टचं बंद पाकीट फ्रिजमध्ये दोन वर्षं राहतं. आमच्याकडे ते फ्रिजमध्येच होतं. तुमच्याकडे दुसरं पाकीट शिल्लक आहे ना? घेऊन या. कोमट पाण्यात चमचाभर साखर विरघळवून तुमच्यासमोर टाकू. वीस-पंचवीस मिनिटांत फेस धरला तर यीस्ट जिवंत आहे, दोष दुसरीकडे शोधू. नाही धरला तर त्याचे अर्धे पैसे माझे, कारण ‘घरी फ्रिजमध्ये ठेवा’ हे आम्ही तोंडी सांगतो, लिहून देत नाही.

इतर वाचणाऱ्यांसाठी: द्रवरूप यीस्टचं आयुष्य वर्षांचं नाही, महिन्यांचं. ते फ्रिजमध्येच ठेवा, पण फ्रीझरमध्ये कधीही नाही. बर्फाचे कण पेशी फोडतात. मॉल्टच्या अर्काची पावडर गुळासारखी दगड झाली तर घाबरू नका, गरम पाण्यात विरघळते. गुरुवारी लाइट गेली तर मेहेरबानी करून ‘हॉप्स बरे आहेत ना’ म्हणून फ्रीझर उघडून बघू नका.

या मालाचं तुम्ही काय बनवता हे आम्ही विचारत नाही. महाराष्ट्रात विनापरवाना मद्य बनवायला मनाई आहे, ही पाटी काउंटरमागे मोठ्या अक्षरांत आहे.

दुकान सकाळी 10 ते 1 आणि 4 ते 8. मॉल्ट तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलाय. हॉप्स मात्र विकतच घ्यावे लागतील.