छातीच्या हाडातलं भोक म्हणजे आजार नव्हे
उरोस्थीवरच्या, म्हणजे छातीच्या मधोमध असणाऱ्या हाडावरच्या लेखात त्याचे तीन भाग छान समजावलेत, पण त्या हाडात जन्मापासून असणाऱ्या भोकाबद्दल अजून लिहायला हवं होतं असं मनापासून वाटतं. बाबांचा खोकल्यासाठी सिटी स्कॅन केला, रिपोर्टमध्ये 'स्टर्नल फोरामेन', म्हणजे याच हाडातलं भोक, असं वाचलं आणि घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही, हाड कुरतडलं गेलंय का, कॅन्सर तर नाही ना, हेच डोक्यात. मग रेडिओलॉजिस्ट मॅडमनी स्क्रीनवर दाखवलं, कड अगदी गुळगुळीत, भोवती हाडाची पांढरी रेघ, आजूबाजूला गाठ नाही की सूज नाही. पोटातल्या बाळाचं हे हाड डाव्या-उजव्या दोन पट्ट्या जुळून बनतं, जुळणी कुठे अर्धवट राहिली की भोक उरतं, बहुतेकदा खालच्या बाजूला. शंभरात साधारण 4-5 जणांना असतं म्हणे. त्रास काही नाही, पण छातीच्या हाडातून बोन मॅरो काढणार असतील किंवा तिथे ॲक्युपंक्चरची सुई टोचणार असतील तर आधी नक्की सांगा, कारण लगेच मागे हृदय आहे! आणि या हाडाचं खालचं टोक दुभंगलेलं किंवा पुढे वळलेलं दिसलं तरी घाबरू नका, तेही बऱ्याच जणांचं तसंच असतं.