खोली क्रमांक 23

गिरगावातली चाळ सोडून आम्ही मुलुंडला राहायला आलो, त्याला आता सात वर्षे होतील. या सात वर्षांत ज्या ज्या सरकारी खात्याला माझ्याकडून काही घ्यायचे होते, त्याने त्याने मला अचूक हुडकून काढले. मालमत्ता कराचे देयक न चुकता येते, आणि सिग्नल तोडल्याचे ई-चलान तर मी घरी पोहोचण्याच्या आतच मोबाइलवर हजर होते. माझे मत विचारणारे खाते तेवढे अजून चाळीचा जिना चढत होते. वास्तविक ती चाळ पुनर्विकासासाठी तीन वर्षांपूर्वीच पाडली गेली असून तिच्या जागी सध्या पत्र्याचे कुंपण आणि एक प्रशस्त खड्डा आहे. मतदार यादीप्रमाणे मात्र त्या खड्ड्याच्या दुसऱ्या मजल्यावर, खोली क्रमांक 23 मध्ये, माझा सहकुटुंब मुक्काम होता.

अमेरिकेत स्थायिक होऊन तिथला नागरिक झालेल्या माझ्या भाच्याला मी हे फोनवर सांगितले, तेव्हा त्याला माझी अडचणच कळेना. तो म्हणाला, "मामा, घर बदलल्यावर तुम्ही लायसन्सवरचा पत्ता बदललात ना? मग झाले की!" त्याच्याकडे 1993 साली एक कायदा झाला, त्याला लोक 'मोटर व्होटर' म्हणतात. वाहन परवान्याच्या अर्जाबरोबरच मतदार नोंदणीची सोय ठेवायची, आणि परवान्यावरचा पत्ता बदलला की, अर्जदाराने नको म्हटले नाही तर, तीच सूचना मतदार नोंदणीसाठीही धरायची, असे त्यात आहे. सरकारी मदत देणाऱ्या कार्यालयांनाही तिथे मतदार नोंदणीची सोय द्यावी लागते. काही मोजक्या राज्यांना तो कायदा लागू नाही, अशी पुस्तीही त्याने जोडली. परंतु तोवर माझे लक्ष उडाले होते. लायसन्सवरचा पत्ता बदलण्यासाठी परिवहन कार्यालयात मी काढलेल्या तीन सकाळी माझ्या डोळ्यांसमोर आल्या होत्या. खिडकीमागच्या गृहस्थांनी मला पुष्कळ काही विचारले होते, जुनी पावती मागितली होती, तिची छायाप्रतही मागितली होती. पण कोणाला मत देणार हे राहू द्या, कुठे देणार एवढे विचारायचेही त्यांना सुचले नव्हते.

आपल्याकडे या कामासाठी नमुना 8 नावाचा वेगळा अर्ज आहे. नवे नाव घालायचे असेल तर नमुना 6, आणि नाव वगळायचे असेल तर नमुना 7. पत्त्याच्या पुराव्यासाठी वीज, पाणी किंवा गॅसचे देयक, बँकेचे पासबुक, आधार, पारपत्र असे काहीही चालते. म्हणजे एका खात्याला माझ्याविषयी जे ठाऊक आहे, ते दुसऱ्या खात्याला कळवण्यासाठी टपालवाला म्हणून माझीच नेमणूक झालेली आहे, तीही बिनपगारी. नव्या मतदाराच्या अर्जात तर आणखी गंमत आहे. तिथे वाहन परवाना जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालतो, पत्त्याचा म्हणून चालत नाही. माझा जन्म कधी झाला हे परिवहन खाते छातीठोकपणे सांगू शकते. मी राहतो कुठे, याबद्दल त्याच्या शब्दावर कोणी विसंबत नाही.

मी अर्ज ऑनलाइन भरला. त्यानंतर एका रविवारी दुपारी, जेवून जरा लवंडलो असताना, दारावरची घंटा वाजली. दारात पिशवीभर कागद सांभाळत बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी असलेल्या बाई उभ्या होत्या. चौकशीअंती कळले की, सोमवार ते शनिवार त्या पालिकेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवतात. भाच्याच्या देशात खिडकीवर आलेल्या माणसाला कार्यालय मतदार करते. आपल्याकडे शिक्षिका आणि अंगणवाडी सेविका आपले काम सांभाळून जिने चढतात. आपली खाती एकमेकांशी बोलत नाहीत, पण त्यांची माणसे एकमेकांच्या कामाचे ओझे गुपचूप वाहतात. बाईंनी पाणी मागितले, सहाव्या मजल्यापर्यंतची लिफ्ट बंद असल्याचे एकदाच आणि तक्रारीचा सूर न लावता सांगितले, आणि माझा अर्ज तपासला.

"आणि वहिनींचा?" त्यांनी विचारले.

"हिचेही नाव लिहून घ्या," मी उदारपणे म्हणालो.

"माझे नाव मला सांगता येते," स्वयंपाकघरातून आवाज आला.

हे तिने बरोबरच ऐकवले. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची आई', 'तमक्याची पत्नी' एवढेच सांगणाऱ्या सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली होती. आमच्या घरातून त्या संख्येत भर पडण्याची शक्यता तेव्हाही नसती. सौभाग्यवती हात पुसत बाहेर आल्या, बाईंना स्वतःचे संपूर्ण नाव सांगितले आणि अर्ज भरण्यास स्वच्छ नकार दिला.

कारण मला ठाऊक होते. चाळ पडल्यावर बिऱ्हाडे विरार, डोंबिवली, बदलापूर अशी पांगली, पण नावे मात्र सगळ्यांचीच जुन्या यादीत राहिली. त्यामुळे मतदानाच्या दिवशी गिरगावातल्या त्या शाळेच्या पटांगणात आख्खी चाळ गोळा होते. आम्हीही मुलुंडहून दादर आणि दादरहून चर्नी रोड असा प्रवास करून तिथे पोहोचत असू. रांगेत कोणाचे गुडघे, कोणाची सून आणि बिल्डरने थकवलेले भाडे यांची सविस्तर चर्चा होई. शाई लावून घेतल्यावर कोपऱ्यावर मिसळ होई, आणि लोकशाहीचा उत्सव या शब्दांना निदान आमच्यापुरता तरी काही अर्थ असे.

"पण वहिनी, जिथे राहता तिथेच नाव असायला हवे, असा नियम आहे," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या.

"पुढच्या वेळी भरते," सौभाग्यवती म्हणाल्या, आणि त्यांनी बाईंच्या पुढ्यात लाडवाची ताटली सरकवली. चौथीचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना 'उद्या गृहपाठ आणतो' म्हणणारी मुले ओळखता येत असणारच. त्यांनी कोरा अर्ज ताटलीखाली ठेवला आणि लाडू खाल्ला.

माझे नवे ओळखपत्र यथावकाश टपालाने आले, पत्ता अचूक होता. नंतरच्या निवडणुकीत घरासमोरच्या शाळेत मी सात मिनिटांत मत देऊन मोकळा झालो. रांगेत माझ्या ओळखीचा एकही माणूस नव्हता. नऊ वाजता घरी येऊन पेपर उघडला, तेव्हा सौभाग्यवती ठेवणीतली साडी नेसून निघण्याच्या तयारीत होत्या.

"गिरगावातून येताना तुमच्यासाठी काय आणू?" त्यांनी विचारले.