फॉरमॅट मारा की ओ!

सांगलीत कॉम्प्युटर बंद पडला की लोक औषध आधी सांगतात, काय झालंय ते मागनं विचारतात. औषध एकच, फॉरमॅट मारा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाका.

वळवाच्या पावसात लाईट सारखी जा-ये करत होती, त्यात माझा मदरबोर्ड उडाला. तसला जुना बोर्ड मिळेना म्हणून बोर्ड, प्रोसेसर, रॅम असा नवा सेटच घेतला, हार्डडिस्क मात्र तीच, कारण तिच्यावर मार्केट यार्डातल्या हळदीच्या व्यापाऱ्यांचे सगळे हिशेब, २०१९ च्या महापुरात गाद्या-बिद्या सोडून मी आधी तीच माळ्यावर टाकलेली. दुकानातला पोरगा घरी येऊन सगळं बसवून, चहा पिऊन गेला. आईनं एवढंच विचारलं, "शनिवारी लोखंड कशाला आणलंस घरात?"

बटण दाबलं. फॅन फिरतोय, आत लाल-निळे दिवे, म्हणजे थेट मंडळाचं डेकोरेशन, आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल'. समोरचे काका बनियनवरच आले, म्हणाले अर्थिंग बघ. त्यांचा पोरगा म्हणाला, "दादा, फॉरमॅट मारा की." अरे बाबा, स्क्रीनवर काही येतच नाही तर फॉरमॅट काय हवेत मारू? टॉर्च धरून बघितलं तर प्रोसेसरच्या शेजारी, वरच्या कोपऱ्यात आठ पिनांचं सॉकेट रिकामं! मोठा २४ पिनांचा कनेक्टर लावला की फॅन, दिवे सगळं चालू होतं, पण प्रोसेसरची वीज त्या आठ पिनांतनं वेगळी येते, आणि ती वायर पोरानं छान गुंडाळून वर झिप टाय मारून ठेवलेली. काम नीटनेटकं होतं हो.

डिस्प्ले आला, तर आता विंडोज येईना. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगात, डिस्क नावासकट दिसते, पण बूटच्या यादीत, म्हणजे जिच्यावरनं विंडोज चालू करायचं त्या यादीत, नाही. जुनी डिस्क एमबीआरवाली, म्हणजे जुन्या मांडणीची, जुन्या लेगसी बायोसवर चालणारी, आणि नव्या बोर्डाला यूईएफआय हा बायोसचा नवा अवतार आणि जीपीटी ही डिस्कची नवी मांडणी, याशिवाय काही रुचत नाही. जुन्या पद्धतीनं बूट करायची सीएसएम नावाची पळवाट असते, ती ऑनबोर्ड ग्राफिक्सवर चालूच होईना. दुकानात फोन केला. "फॉरमॅट मारून देतो, पाचशे रुपये." आणि डेटा? "डेटाचं काय सांगता येत नाही साहेब."

मग डिस्क काढून भाच्याच्या लॅपटॉपला लावली, हिशेबांची कॉपी घेतली, आणि विंडोजच्या पेनड्राइव्हवरनं बूट करून शिफ्ट-एफ१० दाबलं. काळ्या खिडकीत एमबीआरटूजीपीटी. ही कमांड २०१७ पासून विंडोज १० मध्येच फुकट पडून आहे, डेटा न पुसता एमबीआर डिस्कची जीपीटी करून देते, पण फॉरमॅटवाल्यांना कोण सांगणार. आधी व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट. आई मागं उभी, "इंग्रजीत शिव्या देतोयस काय त्याला?"

बायोसमध्ये यूईएफआय निवडलं, 'गेटिंग डिव्हाइसेस रेडी' करत बराच वेळ गोल गोल फिरलं आणि झालं एकदाचं चालू. कोपऱ्यात 'अॅक्टिव्हेट विंडोज' आलंय, लायसन जुन्या बोर्डाला चिकटलेलं होतं ना, ते त्याच्याबरोबर गेलं. असू दे. २० तारीख होती, जीएसटीचं थ्री-बी रिटर्न उशिरा भरलं की दंड रोजचे ५० रुपये, त्यामुळं आधी सगळ्या व्यापाऱ्यांचं भरलं.

मग म्हटलं बोर्डावरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातनं वजावट, आपणही घेऊ. वर्षभर व्यापाऱ्यांच्या मागं 'पक्कं बिल आणा' म्हणून मीच लागलेला असतो. पावती उलगडली. ना जीएसटी नंबर, ना तारीख. नुसतं 'कॉम्प्युटर सामान, १ नग'.